सभेविना वाद : चरकसंहितेपासून बोलक्या यंत्रापर्यंत

(वरसे, ता. रोहा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं की, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, संगणकाचं तुमच्याकडे काय काम? शंका रास्त आहे. यंत्राच्या आत काय चालतं ते सांगायला माझ्यापेक्षा तरुण आणि जाणकार माणसं आहेत. पण हे यंत्र आता वाद घालू लागलंय, आणि वाद हा आमच्या घरचा विषय. वादात समोरच्याचं मन कसं वळवायचं, कोणत्या मार्गाने वळवलेलं चालतं आणि कोणत्या नाही, यावर या देशात दोन हजार वर्षं बारकाईनं विचार झालेला आहे. तेव्हा इतिहासाच्या वाटेने जाऊ आणि मग यंत्रापाशी येऊ.

सुरुवात वैद्यांपासून करतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात वैद्यांनी आपापसात चर्चा कशी करावी याचं मोठं प्रकरण आहे. चरक चर्चेचे दोन प्रकार सांगतो. एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याची चर्चा : दोघेही जाणते, दोघांना शिकायचंय, हरलो तर वाईट वाटून घ्यायचं नाही. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठीची झुंज. आता गंमत अशी की या दुसऱ्या प्रकाराबद्दल चरक अजिबात भाबडा नाही. तो सांगतो, आधी प्रतिस्पर्धी जोखून घ्या. तो आपल्याहून वरचढ आहे, बरोबरीचा आहे की कमी? त्याचं पाठांतर कच्चं असेल तर लांबलचक सूत्रपाठ म्हणून त्याला दडपा. समज कमी असेल तर अवघड शब्द वापरा. वाक्य लक्षात ठेवता येत नसेल तर लांब, गुंतागुंतीची वाक्यं टाका. रागीट असेल तर दमवा, भित्रा असेल तर घाबरवा.

वैद्यकाच्या ग्रंथात हे वाचून धक्का बसतो खरा. पण लक्षात घ्या, हा सल्ला झुंजीपुरता आहे, आणि झुंज आहे हे दोघांनाही माहीत असतं. शिवाय चरक पुढे सभेचंही वर्गीकरण करतो. सभा जाणती आहे की अडाणी? आपल्या बाजूची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली? वाद दोघांत होतो, पण त्याला अर्थ येतो तो ऐकणाऱ्या तिसऱ्यामुळे. हा तिसरा माणूस आज शेवटपर्यंत आपल्याबरोबर ठेवा.

न्यायदर्शनाने हेच जास्त काटेकोरपणे मांडलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी, प्रमाण आणि तर्काच्या आधारे होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. यात शब्दच्छल, पोकळ प्रत्युत्तरं सगळं चालतं. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खंडन करायचं ती वितंडा. आज आपण 'वितंडवाद' हा शब्द कुणाचंही भांडण बघून वापरतो; मूळ अर्थ इतका नेमका होता.

मग जल्प आणि वितंडा वाईट, तर त्यांना शास्त्रात जागा कशाला? सूत्रकार उत्तर देतात की कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे हे प्रकार सत्याच्या रक्षणासाठी आहेत. आपल्या भागात परसाला वई घालतात, तीच ही उपमा. वई हवी, नाहीतर गुरं रोप खातील. पण वईलाच कुणी पीक समजू लागला तर त्याच्या घरात दाणा येणार नाही.

न्यायशास्त्राची माझ्या मते सर्वांत मोठी देणगी याच्या पुढे आहे. त्यांनी बावीस निग्रहस्थानं सांगितली. निग्रहस्थान म्हणजे जिथे वादी धरला जातो, जिथे तो हरला असं जाहीर करता येतं. चार सांगतो, ती आज लागणार आहेत. मूळ मुद्दा सोडून भलतंच बोलणं म्हणजे अर्थांतर. प्रतिपक्षाचं म्हणणं तीनदा सांगितलं गेलं, सभेला कळलं, तरी ते आपल्या तोंडाने पुन्हा मांडता न येणं म्हणजे अननुभाषण. आपली प्रतिज्ञा अडचणीत आली की 'मी असं म्हटलंच कुठे?' म्हणून अंग काढून घेणं म्हणजे प्रतिज्ञासंन्यास. आणि चौथं, ज्याचं मला विशेष कौतुक वाटतं, त्याचं नावच 'अधिक'. एका हेतूने काम भागत असताना हेतूंची आणि उदाहरणांची रास ओतणं. भाष्यकार वात्स्यायन एवढी सूट देतात की, एकच द्यायचा असा नियम आधी मान्य झाला असेल तरच हा दोष. पण कल्पना बघा किती धारदार आहे. जास्त पुरावे दिले म्हणून माणूस हरतो! कारण पुराव्यांच्या राशीत कुठला पुरावा भार पेलतोय आणि कुठला नुसता भरताड आहे, हे सभेला तपासता येत नाही.

आता तेराचौदाशे वर्षं ओलांडून आपण एकोणिसाव्या शतकात, मुंबईत येऊ. मधल्या काळात वाद थांबले होते असं नाही. पण मुंबईत दोन नव्या गोष्टी घडल्या : छापखाना आला, आणि सभेत पंडितांच्या जागी रस्त्यावरचा माणूस आला.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. १८३१ च्या सुरुवातीला त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. त्याच वर्षी मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक छापलं. १८३२ मध्ये विल्सननी इंग्रजीत उत्तर छापलं, आणि त्या उत्तराच्या आधी, त्याच पुस्तकात, मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवाद घातला. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता, ते तटस्थ मुळीच नव्हते. तरीही प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडून मग उत्तर द्यायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त त्या पुस्तकात दिसते. वाचकाने दोन्ही वाचावं आणि ठरवावं. अननुभाषणाचा दोष त्यांना लावता येत नाही.

पंचवीस वर्षांनी या रंगमंचावर आपल्या जिल्ह्यातला माणूस आला. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबावा ब्रह्मचारी. जन्म १८२५, माणगाव तालुक्यातलं शिरवली गाव. इथून कोलाडवरून खाली गेलं की माणगाव. फार लांब नाही. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. त्यांनी काही काळ सरकारच्या कस्टम खात्यात नोकरी केली, मग ती सोडली, सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केलं आणि १८५६ मध्ये मुंबईत येऊन व्याख्यानं द्यायला लागले. जानेवारी १८५७ पासून गिरगावच्या समुद्रकिनारी त्यांचे आणि मिशनऱ्यांचे वाद सुरू झाले. आठवड्यातून एकदा, उघड्यावर, मराठीत. गर्दी जमायची. मेअखेरीस या सभा थांबल्या. तोवर तिकडे मीरतला उठाव सुरू झालेला होता.

या वादाचे वृत्तान्त दोन्ही बाजूंनी राहिले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत छापला, आणि मराठीत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे पुस्तक विष्णुबावांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघालं. आता वृत्तान्त म्हटला की आपल्या बाजूला झुकणारच. पण दोन असले की ताडून बघता येतं. दोघं काय बोलले ते वाळूवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलेलं होतं. विष्णुबावांनी एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असतं, तर पुढच्या आठवड्याला कुणीतरी उठून म्हणालं असतं, 'बावा, मागच्या खेपेला तर तुम्ही असं म्हणाला होता.' तो सामान्य श्रोता न्यायशास्त्र शिकलेला नव्हता. पण त्याने नकळत प्रतिज्ञासंन्यासाचा पहारा केला.

विष्णुबावा हे नुसते वादपटू नव्हते. १८५९ चा 'वेदोक्तधर्मप्रकाश' आणि १८६७ चा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' ही त्यांची पुस्तकं. दुसऱ्यात सगळं राज्य एक कुटुंब मानून उत्पन्न सामाईक करावं, असा धाडसी विचार आहे. १८७१ मध्ये ते वारले. त्यांची सगळी मतं आज पटतील असं नाही. मला पटत नाहीत. पण मतं न पटणाऱ्यालाही त्यांच्याशी नेमकं कुठे भांडायचं ते कळतं, कारण त्यांनी ती नावानिशी, चारचौघांत मांडली आणि त्यांची किंमत मोजली.

म्हणजे इथवरचा हिशेब असा. मन वळवण्याच्या युक्त्या जुन्याच आहेत. त्यांना आवर घालणाऱ्या गोष्टी दोन : हार मान्य करण्याची ठरलेली जागा, आणि सगळ्यांनी एकत्र ऐकणारी सभा.

आता यंत्राकडे येतो. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा कार्यक्रम लिहिला. तुम्ही जे टंकाल त्यालाच प्रश्नाचं रूप देऊन तो परत करायचा, मानसोपचारतज्ज्ञासारखा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले, आणि हे पाहून स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले. संवादाचं रूप मिळालं की माणूस विश्वास टाकतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

वाद घालणारं यंत्र मात्र अलीकडचं. आयबीएम कंपनीच्या इस्रायलमधल्या संशोधकांनी 'प्रोजेक्ट डिबेटर' तयार केलं. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा सामना हरीश नटराजन या नामवंत वादपटूशी झाला. विषय : पूर्वप्राथमिक शाळांना सरकारने अनुदान द्यावं का? तयारीला पंधरा मिनिटं. यंत्र अनुदानाच्या बाजूने. सामन्याआधी सभागृहातले ७९ टक्के लोक अनुदानाच्या बाजूचे होते, नंतर ६२ टक्के राहिले. विरोधक १३ वरून ३० टक्क्यांवर गेले. म्हणजे मनं वळवली माणसाने. पण आपल्या ज्ञानात भर कुणी जास्त घातली, असं विचारल्यावर ५८ टक्क्यांनी यंत्राचं नाव घेतलं, माणसाचं २० टक्क्यांनी. यंत्राकडे माहिती होती. नटराजन यांनी, गरिबी वाईट हे आपण दोघं मानतोच, असं म्हणून समान जमीन शोधली आणि मग प्रश्न उभा केला की हा पैसा खरोखर गरिबापर्यंत पोचेल का.

पण मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तिथे सभा होती. शेकडो लोकांनी एकच भाषण ऐकलं, यंत्राची वेळ संपली, दुसऱ्या बाजूला तेवढीच वेळ मिळाली, मतं मोजली गेली, आणि यंत्र हरलं. हरू शकलं! गौतमाला ओळख पटली असती.

पुढच्या सहा वर्षांत ही सभा गायब झाली. नवे चॅटबॉट आले आणि वाद एका खोलीत, एका माणसाच्या हातातल्या फोनवर सुरू झाला. २०२५ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात ९०० लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जीपीटी-४ या यंत्राला समोरच्याचं वय, शिक्षण, राजकीय कल अशी थोडीशी माहिती दिली, तर ते माणूस-प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्पष्टपणे जास्त मनं वळवू लागलं. ती माहिती काढून घेतली, तर तशी आघाडी उरली नाही. चरकाचा सल्ला आठवतोय ना? आधी प्रतिस्पर्धी जोखा.

त्याच वर्षी डिसेंबरात 'सायन्स'मध्ये त्याहून फार मोठा अभ्यास आला. ब्रिटनमधले सुमारे ७७ हजार लोक, १९ वेगवेगळी यंत्रं, सातशेहून अधिक राजकीय प्रश्न. या अभ्यासात समोरच्याला जोखण्याचा परिणाम लहान निघाला. म्हणजे याबाबत दोन अभ्यासांचा सूर एक नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मोठा परिणाम कशाचा? एक तर, मन वळवण्यासाठी यंत्राला खास शिकवण्याचा. आणि दुसरं, बोलण्यात तथ्यांची आणि आकड्यांची गर्दी करण्याचा. चरकाचा लांबलचक सूत्रपाठ! न्यायसूत्रांतलं 'अधिक'! जी गोष्ट आमच्या नैयायिकांनी हरण्याची जागा ठरवली, तीच इथे जिंकण्याची युक्ती निघाली. आणि याच अभ्यासाचा पुढचा निष्कर्ष असा की, ज्या उपायांनी यंत्राची मन वळवण्याची ताकद वाढली, त्याच उपायांनी त्याच्या विधानांचा खरेपणा कमी झाला. हे वाक्य हळू ऐका. पटवण्याची ताकद आणि खरेपणा यांची वाट इथे फुटते.

आता पूर्वपक्ष मांडतो, नाहीतर अननुभाषण माझ्याच गळ्यात पडेल. कुणी म्हणेल, यंत्राने मन वळवणं वाईटच कशावरून? २०२४ मध्ये 'सायन्स'मध्येच एक संशोधन आलं. कटकारस्थानांच्या कथांवर विश्वास असलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांशी यंत्राने त्यांच्याच मुद्द्यांवर पुराव्यानिशी संवाद केला. त्यांचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी झाला आणि दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. यंत्राची विधानं तपासली, तर जवळजवळ सगळी खरी निघाली. जिथे नातेवाईक वैतागून उठून जातात, तिथे यंत्र शांतपणे पुन्हा पुन्हा समजावतं. हा पूर्वपक्ष बळकट आहे. मी तो झटकून टाकत नाही.

उत्तरपक्ष असा. त्या प्रयोगात विधानं तपासणारा तिसरा माणूस होता. संशोधक स्वतः सभा होते. उद्या तेच कौशल्य एखादा उमेदवार, एखादी कंपनी किंवा एखादा पंथ विकत घेईल, तेव्हा तपासणारा कोण असेल? यंत्र माझ्याशी एक बोलेल, माझ्या शेजाऱ्याशी दुसरं. दोन्ही आपापल्या जागी गोड आणि पटण्यासारखं. मी त्याला अडवलं, तर ते नम्रपणे म्हणेल, 'आपलं बरोबर आहे.' संभाषण नव्याने सुरू केलं की पुन्हा मूळ मुद्द्यावर. माणसाने असं केलं तर आपण त्याला पडला म्हणतो. यंत्राच्या बाबतीत याला आपण सौजन्य म्हणतो. ज्याला प्रतिज्ञा सोडण्याची लाज नाही, त्याला हरवणार कसं?

हे परक्या देशाचं वाटत असेल तर जरा आपल्याकडे बघा. रायगडसारख्या कारखान्यांच्या जिल्ह्यात 'जनसुनावणी' हा शब्द नवा नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक केंद्रीय अधिसूचनेत या सुनावणीची पद्धत ठरवून दिलेली आहे. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष. लोकांनी प्रश्न विचारायचे, प्रकल्पवाल्यांनी उत्तरं द्यायची, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. हे कधी नीट होतं, कधी नुसता उपचार होतो, ते तुम्ही माझ्याइतकंच जाणता. पण त्या वाचून दाखवण्यात गिरगावची वाळू आहे, न्यायसूत्रांची सभा आहे. 'प्रदूषण होणार नाही' हे वाक्य सर्वांनी एकाच वेळी ऐकलं, ते कागदावर आलं, आणि पाच वर्षांनी कुंडलिकेकडे बोट दाखवून कुणीतरी विचारू शकतं, 'तेव्हा काय म्हणाला होतात?'

समजा उद्या प्रकल्पाची माहिती देणारा बोलका चॅटबॉट गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर आला. शेतकऱ्याशी तो पाण्याबद्दल बोलेल, बेकार पोराशी नोकरीबद्दल, आजीशी दवाखान्याबद्दल. प्रत्येकाला न कंटाळता, हवी तितकी उत्तरं. सुनावणीच्या दिवशी मंडपात फारसं कुणी येणारच नाही, कारण ज्याचं त्याचं समाधान घरीच झालेलं असेल. आणि पाच वर्षांनी दाखवायला कुणाकडे एक समान वाक्य नसेल. ग्रामसभेचं, निवडणुकीचं तेच. मला भीती यंत्र खोटं बोलेल याचीच फक्त नाही. ते प्रत्येकाशी वेगळं खरं बोलेल, याचीही आहे.

तेव्हा मागणी काय करायची? यंत्र बंद करा, असं मी म्हणणार नाही. मोरभटांनीही छापखाना बंद करा म्हटलं नाही. त्यांनी पुस्तक छापलं. माझ्या मागण्या जुन्या शास्त्रातल्याच आहेत. पहिली, यंत्राने आधी सांगावं की ते वाद करतंय की जल्प. कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या पैशाने. दुसरी, सार्वजनिक प्रश्नावर मन वळवणाऱ्या यंत्राने कुणाला काय सांगितलं, याची नोंद माणसांची नावं काढून सर्वांना पाहता यावी. समुद्रकिनारीच्या वादाची राहिली तशी. तिसरी, कोणता पुरावा समोर आला तर आपलं म्हणणं पडेल, हे त्याने विचारल्यावर सांगावं. ज्याला आपलं निग्रहस्थान सांगता येत नाही, त्याच्याशी वाद होत नाही. त्याची फक्त जाहिरात ऐकता येते.

आणि आपल्या हातातलं एक काम आहे, त्याला कायदा लागत नाही. यंत्राने एखाद्या सार्वजनिक गोष्टीत तुमचं मन वळवलं, तर ते उत्तर घेऊन वेगळ्या मताच्या एका माणसाकडे जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. पारावर, एसटीत, घरात, कुठेही. बघा, अर्ध्या गोष्टी वाचतानाच पोकळ वाटू लागतात. उरलेल्या अर्ध्यांवर समोरचा माणूस बोलेल. दोघं झालात, एक ऐकणारा तिसरा मिळाला, की सभा तयार झाली.

मंडन मिश्र आणि शंकराचार्य यांच्या वादाची कथा तुम्हाला माहीत आहे. निवाडा करायला मंडनांची पत्नी उभयभारती बसली. घरचाच माणूस हरला, तर हरला म्हणण्याची तिची तयारी होती, म्हणून तो वाद आजही सांगितला जातो. वाद करणारे दोघे किती थोर होते, हे आपण नेहमी सांगतो. ऐकणारी किती थोर होती, हे सांगायचं राहून जातं.

माझं बोलणं संपलं. आता तुम्ही प्रश्न विचारा. मी चुकलो असेन तर सगळ्यांसमोर सांगा.